अकरा सेंटिमीटरची शेपटी

४ मार्च

मामा,

१. १६ फेब्रुवारी, सोमवार. मामीला वॉर्डात दाखल केल्याचा तिसरा दिवस. खाट क्रमांक पाच. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. चिमट्याची वायर भिंतीवरच्या कपाटात, तुझ्या पॅनलच्या पाचव्या कार्डाला.

२. सकाळी साडेदहाला वॉर्डाचं बंद पडलेलं वातानुकूलन दुरुस्त होऊन सुरू झालं. दुपारपर्यंत कपाट चांगलंच गार झालं होतं.

३. १२:४० ला पॅनलवर चौथ्या आणि सहाव्या खाटेचे पिवळे दिवे लागले. पिवळा म्हणजे त्या खाटेचा आकडा येत नाही. पाचव्या खाटेसमोर आकडा होता. ९७. हिरवा.

४. सिस्टर आधी चौथ्या खाटेकडे गेल्या. चिमटा काढून पुन्हा लावला. मग सहाव्या खाटेकडे. दोन्ही रुग्ण ठीक होते.

५. सहाव्या खाटेशी त्या आठ मिनिटं होत्या. तिथे उभं राहिलं की पाचव्या खाटेकडे पाठ होते.

६. १२:५५ ला त्या वळल्या.

७. १:३० ला डॉक्टरांनी मामी गेल्याचं सांगितलं. दहा मिनिटं आधी कळलं असतं तर वेगळं झालं असतं का, या प्रश्नाला ते 'बहुतेक' म्हणाले.

८. नंतर कपाट उघडलं तेव्हा पाचव्या कार्डावरचा धोक्याचा छोटा लाल दिवा जळत होता. कपाटाचं दार बंद असलं की तो दिसत नाही.

९. ९७ हा आकडा सहाव्या खाटेवरच्या बाईंचा होता.

एवढं मला त्या सिस्टर आणि हॉस्पिटलचा तंत्रज्ञ यांच्याकडून कळलं. सिस्टर माझ्याच वयाच्या आहेत. "ताई, आकडा हिरवा होता हो. मी दोनदा वर बघितलं," असं त्या तीनदा म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की त्यांनी पाहिलं ते बरोबर पाहिलं, दाखवलं गेलं ते चूक होतं. त्याने त्यांना बरं वाटलं असं दिसलं नाही.

मी त्या दिवशी आले, दुसऱ्या दिवशी गेले. तुझ्याशी बोलले नाही. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं आणि फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं. म्हणून लिहिते आहे. आपल्या वर्कशॉपचा नियम तूच घातला होतास: लिहिलेलं नसेल तर ते घडलेलं नाही.

पॅनल तुझं आहे. नऊ वर्षांपूर्वीचं. त्याचे बोर्ड मामीने टूथब्रश आणि स्पिरिटने धुताना मी समोर बसून गृहपाठ करत होते. तुझी कार्डं स्वतःहून खोटा आकडा देत नाहीत. पाचव्या कार्डाने बरोबर मोजलं आणि बरोबर आरडाओरडा केला. मग तो आकडे दाखवणाऱ्या मुख्य कार्डापर्यंत का पोचला नाही? मधे काहीतरी बदललं असलं पाहिजे. काय बदललं, केव्हा, ते कळव. पॅनलची फाईल पाठव, आणि कार्डं ज्यात खोचतात तो मागचा बोर्ड एखादा जादा शिल्लक असेल तर तोही.

मी ठीक आहे.


९ मार्च

मोजपट्टी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. नऊ कलमं. दहावं लिहायचं विसरलीस: मामा जेवतो की नाही. जेवतो. शेजारच्या बाई डबा पाठवतात आणि डब्याबरोबर सल्ला. डबा संपतो, सल्ला उरतो.

घर तसंच आहे. तिचा ब्रश अजून पेल्यात उभा आहे. स्पिरिट उडून गेलं, पेला कोरडा पडलाय, ब्रश आपला अटेन्शनमध्ये. उचलावा म्हणतो आणि राहून जातं. तिचं भिंग खिडकीत आहे. दुपारी त्यातून उन्हाचा एक ठिपका टेबलावर पडतो आणि हळूहळू सरकत जातो. परवा तो बघण्यात माझा चहा गार झाला. हे तुला कशाला सांगतोय कोण जाणे. तू म्हणशील, ठिपक्याचा वेग मोजलास का.

आता तुझा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्डावरची ठोका देणारी चिप मी बदलली. सगळ्या कार्डांना एकाच लाईनवरून ठोके जातात हे तुला माहीत आहेच, लहानपणी तूच टेबलावर बोटं वाजवून मला ते समजावून सांगायचीस. पहिला ठोका पडला की पहिलं कार्ड बोलतं, दुसरा पडला की दुसरं. शाळेतल्या हजेरीसारखं. ती चिप बाजारातून गेली. तोच नंबर, तेच पाय, नवी जात मिळाली. घातली. कोणाला विचारलं नाही. माझं डोकं, माझा हात. चौकशी समितीलाही मी हेच सांगितलं आहे: या पॅनलमध्ये मी माझ्या मनाने बदल केला. तीन माणसं आहेत. त्यातले एक सारखे घड्याळ बघत होते. माझं बोलणं ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. गुन्हेगार आपण होऊन आला की कामं लवकर उरकतात.

तीस तारखेला ते निकाल देणार. फार तर माझा परवाना जाईल. या वयात परवाना ठेवून तरी मी काय उजेड पाडणार आहे? वर्कशॉप बंद करीन. तसंही धुणारी गेली.

मूळ फाईल पाठवतोय. समितीला झेरॉक्स दिली. मागचा जादा बोर्ड माळ्यावर होता, तोही बांधून देतोय. पण तू यात फार खोल जाऊ नकोस. तुझी नोकरी बघ. झालं ते झालं, आणि ते माझ्या हातून झालं, हे एकदा ठरलंय. पुन्हा पुन्हा मोजून ते कमी होणार नाही.

घसा सांभाळ. त्या दिवशी इतरांशी बोलताना तुझा आवाज बसला होता.

मामा


१३ मार्च

मामा,

फाईल आणि बोर्ड मिळाले. आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस सुट्टीचे होते, तेव्हा तीच नवी चिप जोडून मोजलं. मोजण्याआधी बोर्ड धुतला, कारण त्यावर नऊ वर्षांची धूळ होती.

काय मिळालं ते लिहिते.

मागच्या बोर्डावर सात जागा आहेत. सहा खाटांची सहा कार्डं आणि सातवी जागा रिकामी. ठोक्याची सामाईक लाईन मुख्य कार्डापासून निघून एकेका जागेला शिवत सातव्या जागेपर्यंत जाते. ठोका झेलून तिथेच संपवणारे, लाईनच्या शेवटाचे रेझिस्टर मात्र तू सहाव्या जागेशी लावले आहेस. म्हणजे सहाव्या जागेपुढे ट्रॅक नुसताच लोंबतो आहे. त्याच्या टोकाला कोणी नाही. मी पट्टीने मोजला. अकरा सेंटिमीटर.

जुनी चिप सुस्त होती. तिचा ठोका इतका सावकाश चढायचा की ही शेपटी त्याला जाणवतच नव्हती. नवी चिप वीसपट चपळ आहे. तिचा ठोका सहाव्या जागेवरून निघून शेपटीच्या टोकाला जातो, तिथे त्याला झेलणारं कोणी नसतं, आणि तो उलटून परत येतो. परत आलेला तुकडा चढत्या ठोक्यात घुसतो आणि मधेच एक खाच पडते. स्कोपच्या पडद्यावर ती स्वच्छ दिसते. शेपटीजवळच्या कार्डांना फेरीतल्या एका ठोक्याचे दोन ठोके दिसतात.

मग हजेरी चुकते. पाचवं आणि सहावं कार्ड एक आकडा पुढे जातात. चौथ्याची पाळी असते तेव्हा पाचवंही बोलतं. दोघांचा गोंधळ होतो, मुख्य कार्ड तो टाकून देतं आणि चौथ्याचा पिवळा दिवा लागतो. पाचव्याच्या पाळीला सहावं बोलतं. एकटं, स्पष्ट, बिनचूक. सहाव्याच्या पाळीला कोणीच बोलत नाही. पिवळा दिवा.

जानेवारीपर्यंत पाचवी आणि सहावी खाट वापरात नव्हती, त्यांची कार्डंही बंद होती. पहिली चार कार्डं शेपटीपासून लांब आहेत, त्यांची मोजणी चुकत नाही. म्हणून दोन वर्षं काही कळलं नाही. आणि चिप गार झाली की आणखी चपळ होते. मी बोर्ड थंड पेटीत ठेवला तेव्हा चाळीस मिनिटांनी चूक सुरू झाली आणि पेटी उघडेपर्यंत थांबली नाही.

सहाव्या जागेनंतर ट्रॅक ब्लेडने कापला की खाच जाते. कापून पाहिला. गेली.

हे एका पॅनलचं दुखणं नाही. तू असे चार बसवले आहेस. इतर तिन्हींमध्येही ही चिप असेल तर तिथेही हेच होणार. ते आधी बघ.

आता दुसरी गोष्ट.

आपल्या प्रत्येक फाईलची पानं मामी मोजायची. उजव्या कोपऱ्यात, खाली, तांबड्या पेन्सिलीने. या फाईलमध्ये बावीस नंतर चोवीस आहे. चोवीस हे चिप घेतल्याची नोंद आहे, मे महिन्याची. म्हणजे तेवीस हे त्याआधीचं. चिप बदलायची असं ज्या पानावर ठरलं ते पान.

ते तू काढलं आहेस. भोकांमध्ये कागदाचा तुकडा अडकून राहिला आहे. घाईत काढलंस.

तू समितीपासून काही लपवलंस हे मी समजू शकते. मला ते पटत नाही, पण समजतं. माझ्यापासून का? त्या पानावर तुझी कोणती चूक आहे, की जी मी वाचू नये? कोणी सावध केलं होतं आणि तू ऐकलं नाहीस, असं आहे का? मामी गेली आहे. मला पूर्ण फाईल बघायचा हक्क आहे असं मला वाटतं.

शिवाय ती सातवी जागा कशासाठी ठेवली होतीस हेही फाईलमध्ये कुठे नाही. सातवी खाट त्या वॉर्डात कधीच नव्हती.


१८ मार्च

मोजपट्टी,

हो, काढलं. तुझं बरोबर आहे, कोणीतरी सावध केलं होतं आणि मी ऐकलं नाही. असंच समज. ते पान मी जाळलं. आता त्याचा पिच्छा सोड.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच निघालो. पहिल्या दोन ठिकाणी ओळखीचे लोक आहेत, कपाट उघडू दिलं. शेपटी कापली. कापताना हात थोडा थांबला, का ते विचारू नकोस. चिप दोन्हीकडे नवीच होती, मीच घातलेली. आता ते दोन पॅनल ठीक आहेत. बर्फाच्या पिशव्या नेल्या होत्या, त्या कपाटात ठेवून तासभर बसलो. हजेरी चुकली नाही. तिथला शिपाई विचारत होता, "काका, मशीनला ताप आलाय का?" म्हटलं, येऊ नये म्हणून.

तिसऱ्या ठिकाणी मला दारातच अडवलं. व्यवस्थापक बाई सभ्य आहेत. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमच्यावर चौकशी चालू आहे, मी तुम्हाला कपाटाला हात कसा लावू देऊ?"

"बाई, चौकशी चालू आहे म्हणूनच आलोय."

त्यांनी समितीचं पत्रच पुढे ठेवलं. 'दोष एका पॅनलमधील व्यक्तिगत हातचुकीचा असून तो इतर पॅनलना लागू नाही.' माझेच शब्द, जरा इस्त्री करून. मी म्हटलं, अहो ते चूक आहे. त्या म्हणाल्या, "तेव्हा खरं बोलत होतात की आता?"

सहा खाटा आहेत तिथे. भरलेल्या. मी खिडकीतून बघितलं.

काहीतरी मार्ग काढीन. पुन्हा जाईन. रोज जाऊन बसेन.

तुला एक सांगायचं होतं, ते सांगून टाकतो. त्या सोमवारी सकाळी मी तिच्यापाशी होतो. रात्रभर खुर्चीत बसून पाठ धरली होती. तिने पॅनलकडे मान केली आणि म्हणाली, "अहो, जा घरी. पाठ टेका जरा. पॅनल आपलंच आहे की. बोर्ड मी धुतलेत, मला माहितीये." मी म्हटलं, तुझ्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही. तर म्हणाली, "तुमच्यावर कोण ठेवतंय, मी बोर्डावर ठेवतेय." हसली. हसताना खोकला आला. मी घरी गेलो. झोपलो. अडीचला उठवलं मला.

तर हे असं आहे. तुझ्या नऊ कलमांत हे नव्हतं.

त्या वेळी विचारायलाच नको होतं मी. माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. चाळीस वर्षं बोर्ड केले, आपल्याला समजत नाही ते हात न लावता सोडून द्यायचं, एवढं साधं कळू नये? तू तुझं काम कर. सुखी राहा. ती असती तर तिने हेच लिहिलं असतं.

मामा


२२ मार्च

मामा,

नऊ तारखेच्या पत्रात तू लिहिलंस, 'कोणाला विचारलं नाही.' अठरा तारखेच्या पत्रात लिहिलंस, 'त्या वेळी विचारायलाच नको होतं मी.' दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

तू आयुष्यात बोर्डाविषयी किती जणांना विचारलंस हे मी मोजलं. दोन. एक तुझे गुरुजी, ते मी शाळेत असतानाच गेले.

तुझी पत्रं मी ठेवते. खोक्यात, तारखेप्रमाणे. काल खोकं काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या १२ मेचं पत्र मिळालं. बहुतेक सगळं तुझ्या गुडघ्याविषयी आणि शेजारच्या मांजराविषयी आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी हे आहे. जसंच्या तसं उतरवते:

'एक विचारायचं होतं. ठोक्याची चिप संपली. त्याच नंबरची नव्या जातीची मिळते आहे, तक्ता सोबत जोडलाय. मला त्यातलं बारीक अक्षर कळत नाही. तू बघ आणि सांग. चारही पॅनलमध्ये घालायची आहे. मागचा बोर्ड तोच आहे. सातवी जागा तुझ्या नोंद-कार्डासाठी अजून मोकळी ठेवली आहे. रेझिस्टर सहाव्याशीच आहेत, तुझं कार्ड आलं की पुढे सरकवू. घाई नाही.'

पत्राच्या कोपऱ्यात माझं अक्षर आहे: उ. दि. १७ मे. उत्तर दिलं.

नोंद-कार्ड मी विसरले होते. खरंच विसरले होते. सतरा वर्षांची असताना मी तुला सांगितलं होतं की प्रत्येक खाटेचं प्रत्येक कार्ड काय बोललं ते लिहून ठेवणारं सातवं कार्ड मी करीन. तू बोर्ड त्याप्रमाणे लांब केलास. मग मला कॉलेजात प्रवेश मिळाला, मी इकडे आले, आणि ती जागा तशीच राहिली. तेरा तारखेला मी तुला विचारलं की ती कशासाठी होती. तू उत्तर दिलं नाहीस. आता कळलं का.

मी तुला काय उत्तर पाठवलं तेही आठवलं. पोस्टकार्ड होतं. 'चालेल. चारही पॅनलमध्ये घाल.' दोन वाक्यं. ते पोस्टकार्ड तू तुझ्या प्रश्नाच्या प्रतीवर चिकटवलं असणार, आणि मामीने त्याच्या कोपऱ्यात आकडा घातला असणार. तेच तेविसावं पान.

तू जोडलेला तक्ता पत्रासोबतच आहे. मी त्या वेळी तीन गोष्टी पाहिल्या असणार, कारण तीन ओळींपुढे पेन्सिलीची खूण आहे: पाय, व्होल्टेज, किती कार्डांना ठोका पुरवू शकते. ठोका किती झटकन चढतो ती ओळ त्याच पानावर आहे. दोन ओळी खाली. तिच्यापुढे खूण नाही. ती वाचायला मला दहा सेकंद लागली असती, आणि शेपटी आहे हे तू त्याच पत्रात लिहिलं होतंस. हे काम मला येत होतं. तुला येत नव्हतं, म्हणून तर तू विचारलंस. रेझिस्टर सहाव्याशी लावले ही तुझी चूक. नवी चिप तिथे घालायला सांगितली ही माझी. तुझी चूक सात वर्षं कोणाला लागली नाही.

तेरा तारखेला मी तुझ्यावर आरोप केला. तो मागे घेते.

तू ते पान का काढलंस ते मला समजलं आहे. त्याविषयी मी इथे लिहू शकत नाही. नंतर कधी.

पण तू समितीला जे सांगितलंस त्याचा परिणाम बघ. तू म्हणालास, माझ्या मनाने केलं, याच एका पॅनलमध्ये केलं. त्यांनी ते मानलं. म्हणून तिसऱ्या हॉस्पिटलला 'इतर पॅनलना लागू नाही' असं पत्र गेलं, आणि म्हणून ते कपाट आज बंद आहे. मला वाचवायला तू जे बोललास त्याच्यामागे आज सहा माणसं झोपली आहेत. तुझा असा हेतू नव्हता हे मला माहीत आहे.

काल मी त्या व्यवस्थापक बाईंशी फोनवर बोलले. पंचवीस मिनिटं. कपाट गार होऊ देऊ नका, पाचव्या आणि सहाव्या खाटेवर दर पंधरा मिनिटांनी माणसाने स्वतः जाऊन बघावं, एवढं त्यांनी ऐकलं. पॅनल बंद करायला किंवा उघडायला त्या तयार नाहीत. "तुम्ही त्यांच्या भाची. उद्या तुम्हीही त्यांच्यासारखं म्हणणं बदललंत तर? मला कागद द्या. कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, किती पॅनलसाठी सांगितलं. मूळ कागद. मग मी समितीची वाट बघणार नाही." त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच मागितलं असतं.

१२ मेचं पत्र माझ्याकडे आहे, पण त्यात फक्त प्रश्न आहे. 'चारही' हे उत्तर तेविसाव्या पानावर आहे.

मी माझा जबाब लिहिला आहे. साडेतीन पानं. त्यात स्कोपची चित्रं आहेत, शेपटीचं माप आहे, तुझा प्रश्न आणि माझं उत्तर तारखांसह आहे. खाली माझी सही आणि माझ्या कंपनीतलं पद आहे. साहेबांना शुक्रवारी सांगितलं. ते म्हणाले, "नीट विचार केलायस का?" मी हो म्हटलं. पुढे काय होईल ते ठाऊक नाही आणि ते तू मनाला लावून घेऊ नयेस.

बोर्ड धुताना मी मामीसारखी कोपऱ्यापासून सुरुवात केली. सातव्या जागेपाशी तिने ब्रश दोनदा फिरवलेला असायचा, कार्ड लावताना त्रास नको म्हणून. तिथलं तांबं अजूनही इतर जागांपेक्षा स्वच्छ आहे. हे जबाबात नाही.

तू ते पान जाळलेलं नाहीस. तुला फाईल सरळ करायची असती तर तू चोवीसचा तेवीस केला असतास, पुढचे आकडे बदलले असतेस, आणि मला काही कळलं नसतं. तुझ्याकडे खोडरबर आहे, तांबडी पेन्सिलही आहे. तिच्या हातचे आकडे तुला खोडवले नाहीत. ते पानही तिच्या हातच्या आकड्याचं आहे. ते घरात आहे. बहुतेक तिच्या भिंगाखाली.

तीस तारखेला सोमवार आहे. मला जबाब शनिवारी, अठ्ठावीसला, समितीकडे आणि त्या बाईंकडे दोन्हीकडे स्वतः नेऊन द्यायचा आहे. तेविसावं पान मूळ, झेरॉक्स नको, शुक्रवार २७ मार्चपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव, आणि पाठवलंस हे त्याच दिवशी कळव.